व्हायोलिन गप्प असतं ती जागा

१

रविवारी सकाळी दहाला आमच्या मिलच्या ऑफिसर क्लबात बैठक बसायची. बैठक म्हणजे रेकॉर्डी ऐकणं. मॅनेजर हंचाटे साहेब, सायझिंगचे मास्तर, मिलचे डॉक्टर, आणि भिंतीला लागून उभा असलेला मी. मी महिपती, मिलचा वायरमन. रेडिओग्राम सांभाळायचं काम माझ्याकडे होतं. रेकॉर्ड काठाला धरून पाकिटातून काढायची, मखमलीच्या तुकड्यानं पुसायची, सुई अलगद ठेवायची आणि संपेपर्यंत हलायचं नाही.

साहेब तरुणपणी विलायतेला तीन वर्षं कापडाचं काम शिकायला गेले होते. परत येताना त्यांनी दोन ट्रंका आणल्या. एकीत कपडे होते, दुसरीत रेकॉर्डी. सगळ्या व्हायोलिन आणि पियानोच्या, शंभर वर्षांपूर्वी मेलेल्या गोऱ्या माणसांनी लिहिलेल्या. त्यातल्या एका रचनेवर त्यांचा फार जीव. ती तीन वेगवेगळ्या जोड्यांनी वाजवलेली त्यांच्याकडे होती. एक जोडी घाईची, एक म्हातारी आणि संथ, आणि तिसरीत पियानोवर कुणी बाई होती. तिन्ही एकामागून एक लावायच्या आणि कोण कुठं थांबलं, कोण कुठं घसरलं, यावर साहेब बोलायचे.

मला ते आवडायचं. लपवून काय करू? माझा बाप भजनात टाळ धरायचा, कान मला त्याच्याकडून मिळाला. चांगली जागा आली की माझ्या तोंडून "वा!" निघून जायचं. पहिल्याच महिन्यात साहेबांनी मला सुनावलं, "महिपती, या संगीतात मध्येच दाद द्यायची नसते. गप्प राहून ऐकायचं."

सहा दिवस मिलमध्ये गप्प बसायला शिकवायचे, आणि सातव्या दिवशी क्लबात. मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकतो. हे लिहितानाही तो आलेलाच आहे.

२

चौऱ्याहत्तर सालच्या मार्चात माझा धाकटा भाऊ धुळा सायझिंग खात्यात गेला. तिथं सूत गरम खळीतून काढून रुळांवरून नेतात. खळ म्हणजे पीठ आणि चरबीची कांजी. ती रुळांवर वाळते आणि खरवडून काढावी लागते. यंत्र बंद करून खरवडावी, असा नियम भिंतीवर लिहिलेला होता. पण यंत्र बंद केलं की सूत खराब होतं, आणि भोंग्यानंतर थांबायला कुणाला हवं असतं? म्हणून साडेतीनच्या भोंग्याआधी दहा मिनिटं, चालत्या रुळांवरच खरवडणी उरकायची, अशी रीत पडली होती. ती सगळ्या खात्याला ठाऊक होती. मास्तरांनाही होती. त्या दहा मिनिटांत मास्तर चहाला बाहेर जायचे.

धुळाचा हात खांद्यापर्यंत आत गेला. संध्याकाळी दवाखान्यात तो वारला. त्याचं वय सव्वीस.

चौकशी झाली, ती साहेबांनीच घेतली. कागदावर लिहिलं गेलं की अपघात भोंग्यानंतर झाला, कामाची वेळ संपल्यावर धुळा विनापरवाना आत राहिला, सबब जबाबदारी त्याची. पुढं कुणीतरी कुजबूज सोडली की तो पिऊन होता. माझा धुळा सुपारीसुद्धा खात नव्हता!

मेलेल्या माणसाच्या बायकोला मिलमध्ये रिळं भरायचं काम द्यायचं आणि चाळीतली खोली तिच्याकडे ठेवायची, अशी मिलची जुनी पद्धत. पण कामावर असताना मेला असेल तरच. म्हणून धुळाच्या वच्छलाला निरोप आला की श्रावण सरला की खोली रिकामी करा. दोन लेकरं घेऊन ती कुठं जाणार?

वच्छला रडायची नाही. मी दारात गेलो की एकच विचारायची, "भावजी, तुमी तवा सायबाच्या बंगल्यावर हुता. खातं तितनं हाकेवर. आदी ते वरडले का आदी भोंगा झाला?"

"आदी भोंगा," मी म्हणायचो.

चौकशीतही मी हेच सांगितलं होतं. त्या दुपारी मी साहेबांच्या बंगल्यावर ग्रामोफोनला नवी सुई बसवत होतो. सुई बसली का, हे बघायला ती लाडकी रचना लावली होती, तिच्यातला संथ भाग. साहेब आरामखुर्चीत होते. खिडक्या उघड्या होत्या. मग भोंगा झाला, आणि मग माणसं पळत आली. ओरडणं मी ऐकलंच नव्हतं. मी खोटं बोललो नव्हतो, असं मी चार महिने स्वतःला बजावत होतो.

३

आषाढातल्या एका रविवारी म्हाताऱ्या जोडीची रेकॉर्ड लावली होती. धुळा गेल्यापासून साहेबांनी सगळ्या रेकॉर्डी क्लबात आणून ठेवल्या होत्या. घरी एकट्यानं ऐकवत नाही, म्हणाले. संथ भाग चालू होता. शेवटाकडे पियानो एकटाच हळू पावलं टाकत जातो, तिथं आला. आणि भोंगा झाला.

आमच्याच मिलचा भोंगा. सुरुवातीला किंचित घोगरा, मग वर चढणारा. सोलापुरात चार मिलचे चार भोंगे आहेत, आणि आपला कुठला हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. मी सवयीनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अकराला दहा कमी होती. रविवार होता आणि मिल बंद होती.

मी सगळ्यांकडे पाहिलं. डॉक्टर डोळे मिटून बसले होते. मास्तर नख कुरतडत होते. साहेब चहाच्या कपात चमचा फिरवत होते. खणखण, खणखण, चांगला जोरात. साहेब चहा बिनसाखरेचा घ्यायचे.

क्लब सुटल्यावर मी सायकल मारत बॉयलरवर गेलो. भोंगा ओढणारा चांदसाब तिथंच खोलीत राहायचा.

"चांदसाब, आज भोंगा दिला का?"

"क्या रे महिपती, खुळा झाला का तू? ऐतवारी भोंगा कोन देतंय? वाफ कुटनं आनू? ये, हात लावून बघ."

मी बॉयलरला हात लावला. लोखंड गार पडलं होतं.

"त्या दिवशी," मी विचारलं, "तू भोंगा दिलास तवा आरडाओरडा सुरू झाला हुता का?"

त्याचा चेहरा पडला. "म्या घड्याळ बघून साखळी वडतो, भई. हितं बॉयलरपाशी मला सोताचं खोकनं ऐकू येत न्हाई. तुज्या भावाची शपथ, मला म्हाईत असतं तर म्या सांगितलं असतं."

त्याच्यावरसुद्धा चिडलो मी. दुसरं कुणी हाताशी नव्हतं.

४

रेकॉर्डीत नंतर काही शिरत नाही. हे मला शिकवायला कुणी नको, माझा धंदाच तो. टेप असेल तर तिच्यावर दुसरं उमटू शकतं. रेकॉर्ड ही खाच आहे. हजारो कोसांवर, पंधरा वर्षांपूर्वी दाबलेली खाच. तिच्यात सोलापूरचा भोंगा येणार कुठून? कानात भोंगा बसलाय, भावाचं दुःख डोक्यात गेलंय, अशी मी स्वतःची समजूत घातली.

पण मंगळवारी दुपारी क्लबातले पंखे बघायच्या निमित्तानं मी एकटा गेलो आणि दार लावून घेतलं. म्हाताऱ्या जोडीची रेकॉर्ड लावली. बाहेर लख्ख ऊन होतं आणि माळी पाइपानं पाणी मारत होता. संथ भाग आला, पियानो एकटा पडला.

भोंग्याआधी एक सूर होता.

उंच, ताणलेला, व्हायोलिनच्या सगळ्यात बारीक तारेवर काढल्यासारखा. तो वर गेला आणि मध्येच तुटला. त्यानंतर एक बारीकशी खरखर झाली, ती मला नीट कळली नाही. मग भोंगा.

हा सूर मी ओळखला. त्या दुपारी बंगल्यावर मी हाच ऐकला होता. ही रचना त्या दिवसाआधीही मी वीस वेळा ऐकली असेन. तेव्हा हा सूर होता की नव्हता, हे मात्र काही केल्या आठवेना.

मग घाईची जोडी लावली. तीच जागा, तोच सूर, तीच खरखर, तोच भोंगा. बाईची रेकॉर्ड लावली. तिन्ही जोड्यांची चाल निराळी, वाद्यं निराळी, देश निराळे. पण त्या एका जागी तिन्ही रेकॉर्डी एकसारख्या वागत होत्या.

मी सुई उचलली. तिच्या टोकाला पांढरं काहीतरी चिकटलं होतं. आधी वाटलं कापूस असेल. बोटानं चुरडलं तर ते कडक होतं, पापुद्र्यासारखं, आणि घाण वास आला. पीठ आणि चरबी. धुळा कामावरून आला की त्याच्या सदऱ्याला हाच वास यायचा आणि वच्छला सदरा वेगळा भिजवायची.

मी नळाखाली हात घासघासून धुतले. भीती वाटत होती, पण भीतीपेक्षा संताप जास्त होता. माझा भाऊ बोलत होता, आणि तो कुठं बोलत होता? या लोकांच्या चैनीच्या वस्तूत! आमच्या चाळीत त्याला जागा सापडली नसती का?

५

त्या शनिवारी मी साहेबांच्या बंगल्यावर गेलो. साहेबांकडे त्या रचनेचं छापील नोटेशन होतं, ते त्यांनी मला एकदा कौतुकानं दाखवलं होतं.

"साहेब, संथ भागाच्या शेवटाला एक उंच सूर येतो. तो मला बघायचाय."

साहेबांना कुणी काही विचारलं की बरं वाटायचं. त्यांनी पुस्तक काढलं, पानं उलटली, चष्मा लावला. "कुठं म्हणतोस?"

"पियानो एकटा चालतो तिथं."

"तिथं?" ते हसले. "अरे, तिथं व्हायोलिन गप्प आहे. हे बघ, ही रिकामी घरं. या वेळात वाजवणारा गज खाली धरून नुसता उभा असतो."

बोलता बोलता त्यांचं बोट त्या रिकाम्या घरांवर थांबलं. चेहऱ्यावरचं हसू मावळलं. मी त्यांच्याकडे बघत होतो आणि ते पुस्तकाकडे.

"मग तो सूर कुणाचा, साहेब?"

"कुठला सूर? मला काही ऐकू आलेलं नाही."

"मग तिथं आलं की चमचा कशाला फिरवता? साखर नसलेल्या चहात?"

मिलच्या मॅनेजरशी वायरमननं असं बोलायचं नसतं. माझा आवाज चढला होता. "तुम्हीही ऐकताय! त्या दिवशीही ऐकलंत! भोंग्याआधी ओरडला तो. तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही माझ्या तोंडून उलटं वदवून घेतलंत. लाज नाही वाटत? पोरं रस्त्यावर येतायत त्याची, आणि तुम्ही संगीत ऐकता!"

साहेब ओरडले नाहीत. त्यांनी पुस्तक मिटलं आणि अगदी हळू म्हणाले, "महिपती, मी तुझ्या तोंडून काही वदवलं नाही. मी विचारलं, आधी काय ऐकलंस. तू म्हणालास, भोंगा. तू असं का म्हणालास, ते तुझं तुला ठाऊक आहे. त्या सुरानंतर काय झालं ते आठव, आणि मग मला लाज विचार."

मी दार आपटून बाहेर पडलो. काय आठवायचं होतं, ते पायऱ्या उतरतानाच मला आठवलं होतं. पण रागाच्या आड पुष्कळ काही लपतं. मी ते तिथंच लपवलं.

६

उद्या क्लबात चल, असं मी वच्छलाला सांगितलं. तिनं का म्हणून विचारलं नाही. लेकरं शेजारच्या बसम्माकडे ठेवली, धुतलेलं लुगडं नेसली आणि आली.

साहेब ताडकन उठले. "ही कोण?"

"धुळाची बायको. तिला ऐकायचंय."

"हा क्लब आहे, महिपती."

"बसू द्या हो," डॉक्टर म्हणाले. धुळाला त्यांनीच शेवटचं पाहिलं होतं. "एक रेकॉर्ड ऐकून जाईल."

डॉक्टरांसमोर साहेबांना नाही म्हणता येईना. वच्छला खुर्चीवर बसली नाही. भिंतीला टेकून खाली बसली, माझ्या पायाशी. त्या दिवशी मी चहा आणलाच नव्हता. साहेबांच्या समोरची काड्यापेटीही उचलून खिशात टाकली होती. टेबलावर चमचा नव्हता, कप नव्हता, वाजवायला काहीच नव्हतं.

मी बाईची रेकॉर्ड लावली. संथ भाग सुरू झाला. व्हायोलिन काहीतरी सांगायचं आणि पियानो खालून व्हय व्हय करायचा. वच्छलाला त्यातलं काय कळत होतं कोण जाणे, ती मान खाली घालून ऐकत होती. साहेबांचा हात टेबलावरून काड्यापेटी शोधत फिरत होता. मास्तर दाराकडे बघत होते.

व्हायोलिन थांबलं. पियानो एकटा चालू लागला.

खोलीत तोच वास आला. पीठ आणि चरबी. वच्छलानं मान वर केली.

सूर निघाला. आता त्याला सूर कुणी म्हटलं नसतं. ते माणसाचं ओरडणं होतं, पुरं, उघडं, आणि ते चढत गेलं. मास्तरांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. रेडिओग्रामच्या जाळीमागचं कापड आतून ढकलल्यासारखं पुढं आलं, एका जागी, तळहाताएवढं, आणि तसंच राहिलं. मी दुसरीकडे पाहिलं. ओरडणं तुटलं.

मग ती खरखर. या वेळी ती खरखर नव्हती. एका पुरुषाचा आवाज होता, जवळचा, खूश झालेला, मनापासून दाद देणारा.

"वा!"

मग भोंगा झाला.

"आज भोंगा कसा?" डॉक्टर खिडकीशी गेले. बॉयलरच्या चिमणीतून धूर निघत नव्हता. ते तिथंच पाठमोरे उभे राहिले. जाळीचं कापड सपाट झालं होतं. व्हायोलिन परत सुरू झालं, गोड, जणू मध्ये काही झालंच नाही.

वच्छलानं साहेबांकडे पाहिलं नाही, की मास्तरांकडे पाहिलं नाही. ती माझ्याकडे बघत होती.

"भावजी," ती म्हणाली, "ह्यो तर तुमचा आवाज."

मी हातातल्या मखमलीच्या तुकड्याची घडी घालू लागलो.

"ते वरडले, आन् तुमी वा म्हनला?"

"मला व्हायोलिन वाटलं गं," मी म्हणालो. "मला लई ग्वाड वाटलं."

हे मी पहिल्यांदा कुणाजवळ बोललो. चार महिने मी साहेबांवर चिडत होतो, मास्तरांवर, चांदसाबवर, संगीतावर. ओरडणं मी ऐकलंच नव्हतं, असं शपथेवर सांगत होतो. कारण ऐकलं असं म्हटलं, तर ऐकून मी काय केलं, हेही सांगावं लागलं असतं. साहेबांनी त्या दुपारी ओठांवर बोट ठेवून मला दटावलं होतं, "श्श, दाद नाही." तेवढ्यात भोंगा झाला होता.

साहेब खुर्चीत खाली खाली बसत गेले होते. "बाई," ते म्हणाले, "हे बघा, हा नुसता..."

"तुमी गप ऱ्हावा," वच्छला म्हणाली. क्लबात असं कुणी साहेबांना म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. ती माझ्याकडे वळली. "आता नीट सांगा, भावजी. आदी काय?"

"आदी धुळा वरडला."

"मग?"

"मग मी."

"मग?"

"मग भोंगा झाला."

तिनं पदर सारखा केला आणि उठली. रेकॉर्ड संपून सुई आतल्या कडेला खर्र खर्र फिरत होती. ती उचलायला कुणी पुढं झालं नाही.

७

रेकॉर्ड घेऊन सरकारकडे जाता येत नाही. जाऊन सांगणार काय? माणसाला मात्र स्वतःचा शब्द घेऊन जाता येतं. सोमवारी रजा टाकून मी वच्छलाबरोबर कामगार अधिकाऱ्याच्या कचेरीत गेलो. आधीचा जबाब चुकीचा होता, नवा द्यायचा आहे, म्हणालो. नोकरी जाईल हे मला कळत होतं, आणि पुढं ती गेलीही.

कारकून वयस्कर आणि भला माणूस होता. मी सांगत गेलो आणि तो टाक बुडवून लिहीत गेला. तीन ओळी झाल्या. लिहून झाल्यावर त्यानं त्या वाचून दाखवल्या. साडेतीनच्या भोंग्याआधी भाऊ ओरडलेला मी स्वतः ऐकला. ते ओरडणं वाद्याचा सूर समजून मी वा म्हणालो. त्यानंतर भोंगा झाला.

त्यानं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "पहिली आणि तिसरी पुरे. तुमच्या भावजयीचं काम त्यानं होऊन जाईल. मधली ओळ कशाला? उगाच तुमचीच शोभा व्हायची. खोडतो."

मी मान हलवणार होतो. खरं सांगतो, हलवणारच होतो.

"न्हाई," मागून वच्छला म्हणाली. "ती ऱ्हाऊ द्या."

कारकुनानं टाक खाली ठेवला आणि कागद माझ्यापुढं सरकवला. मी सही केली.